सागाचे जहाज

संडरलंडचे स्टेशन मागे पडले आणि आगगाडीच्या डाव्या हातास उत्तर समुद्र दिसू लागला. जून महिन्यातील रविवार होता. ऊन लख्ख पडले होते. तरी वारा बोचरा होता. खिडकीपाशी आजोबा बसले होते. अंगात लोकरीचा कोट, डोक्याला कानटोपी आणि दोन्ही हात मांडीवर स्वस्थ ठेवलेले. समोरच्या बाकावर ताई आणि बाळ बसले होते. पलीकडे आई व बाबा होते. सर्व मंडळी हार्टलपूल या बंदरगावी जुने लढाऊ जहाज पाहावयास निघाली होती.

हे कुटुंब मूळचे मुंबईचे. नोकरीच्या निमित्ताने वडील उत्तर इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरी येऊन राहिले, त्याला बारा वर्षे झाली होती. ताई तेरा वर्षांची होती आणि बाळ अकरा वर्षांचा. आजी वारल्यानंतर आजोबा मुंबईत एकटेच पडले. म्हणून वडिलांनी त्यांना आग्रहाने आपल्याकडे आणले. पण तीन महिने झाले तरी आजोबांचे मन येथे रमत नव्हते. शेजारी भेटत, हसून काही विचारीत. आजोबाही हसून नुसती मान हलवीत. मुंबईच्या नौदल गोदीत त्यांनी चौतीस वर्षे सुतारकाम केले होते. त्या हातांना येथे काहीच काम नव्हते. "अण्णा, आता विश्रांती घ्या," असे वडील म्हणत. परंतु ज्याने जन्मभर कष्ट केले, त्याला नुसते बसून राहण्यासारखी शिक्षा नाही.

बाळच्या मनातही एक सल होता. महिन्यापूर्वी शाळेत बाईंनी प्रत्येकाला आपल्या आजोबांचा व्यवसाय विचारला होता. कोणाचे आजोबा डॉक्टर होते, कोणाचे आगगाडीवर चालक होते. बाळची पाळी आली तेव्हा 'सुतार' हा शब्द त्याच्या ओठांवर येईना. तो म्हणाला, "माझे आजोबा नौदलात होते." लगेच मागच्या बाकावरून कोणी तरी विचारले, "कप्तान होते का?" बाळ काहीच बोलला नाही, आणि मुलांनी त्या न बोलण्याचा अर्थ होकार असाच घेतला. तेव्हापासून मुले त्याला आजोबांच्या समुद्रावरील गोष्टी विचारीत आणि तो काही तरी सांगून वेळ मारून नेई. घरी आल्यावर आजोबांकडे पाहण्याचे मात्र त्याला धैर्य होत नसे.

हार्टलपूल आले. स्टेशनापासून थोडे चालल्यावर पाण्याच्या कडेला उंच डोलकाठ्या दिसू लागल्या. तेथील नौदल संग्रहालयात जुन्या काळचा बंदरकाठ पुन्हा जसाच्या तसा उभा केला आहे. फरसबंदी धक्का, त्याच्या कडेने शिंपी, तलवारी घडविणारा, होकायंत्रे तयार करणारा अशांची दुकाने आणि मध्ये पाण्यावर तरंगणारे भव्य जहाज, असा तो देखावा होता. जहाजाला तीन डोलकाठ्या होत्या. काळ्या रंगाच्या अंगावर पांढरा पट्टा होता आणि त्या पट्ट्यात तोफांच्या चौकोनी खिडक्या ओळीने बसविल्या होत्या. दोरखंडांचे जाळे वाऱ्यात सूं सूं करीत होते.

"या जहाजाचे नाव ट्रिंकोमाली," बाबा म्हणाले. "हे श्रीलंकेतील एका बंदराचे नाव आहे. त्या बंदराजवळ १७८२ साली इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली होती. तिच्यावरून हे नाव ठेवले. बाकीची गंमत मी आताच सांगणार नाही."

मंडळी फळी चढून डेकवर गेली. ताई भराभर पुढे जाऊन फलक वाचू लागली. आजोबा मात्र कठड्यापाशीच थांबले. त्यांनी जाड लाकडावर तळहात ठेवला. हळूच बोटे फिरविली. एका ठिकाणी रंग उडाला होता, तेथे वाकून रेषा पाहिल्या. मग अंगठ्याच्या नखाने किंचित दाबून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटले.

"अरे, हा साग आहे!" ते म्हणाले.

बाळ हसला. "आजोबा, येथे साग कोठून येणार? इंग्लंडची जुनी जहाजे ओकच्या लाकडाची असत. आम्हाला शाळेत शिकविले आहे."

"असत असतील. पण हा सागच. डोळ्यांना चकविता येते, बाळ, हाताला नाही."

तेवढ्यात ताई धावत आली. "आजोबा! बाबा! हे जहाज आपल्या मुंबईला बांधले आहे! तेथे तसे लिहिले आहे!"

बाबा मिश्कीलपणे हसत होते. हीच ती गंमत होती.

मग सर्वांनी मिळून त्या जहाजाची हकीकत वाचली. फ्रान्सचा बादशहा नेपोलियन याच्याशी इंग्लंडचे दीर्घकाल युद्ध चालले होते. जहाजांसाठी लागणारे ओकचे लाकूड इंग्लंडमध्ये अपुरे पडू लागले होते. मुंबईत मात्र मलबारच्या जंगलातील उत्तम साग समुद्रमार्गे येत असे आणि तेथे कसबी कारागीरही होते. म्हणून १८१२ साली इंग्लंडच्या आरमाराने हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधण्याचे ठरविले. जहाजाचे नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून हिंदुस्थानाकडे रवाना झाले. पण ते पोहोचलेच नाहीत. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकन युद्धनौकेने 'जावा'चा पराभव केला. नकाशे पुन्हा काढून पाठवावे लागले. यात बराच काळ गेला आणि काम सुरू व्हावयास १८१६ साल उजाडले.

"आणि गंमत पाहा," बाबा म्हणाले, "ती 'कॉन्स्टिट्यूशन' अमेरिकेतील बोस्टन बंदरात अजून तरंगते आहे. जगात तरंगणाऱ्या जुन्या युद्धनौकांत तिचा पहिला क्रमांक लागतो आणि तिच्यामुळे ज्याचे नकाशे बुडाले, त्या या जहाजाचा दुसरा!"

"मग नेल्सनचे 'व्हिक्टरी' जहाज?" बाळने विचारले.

"ते याच्याहून जुने खरे, परंतु ते पाण्यावर नाही. पोर्ट्‌समथच्या कोरड्या गोदीत ते उभे करून ठेवले आहे. अजून पाण्यावर तरंगणारी इंग्लंडची सर्वांत जुनी युद्धनौका हीच."

मुंबईची गोदी त्या काळी वाडिया घराण्यातील पारशी जहाजबांधकांच्या देखरेखीखाली होती. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्याच कुळातील जमशेटजी बमनजी वाडिया यांनी हे जहाज बांधले. आरंभी जहाजाच्या कण्यात, म्हणजे तळाच्या सर्वांत लांब व बळकट लाकडात, अक्षरे कोरलेला चांदीचा एक खिळा समारंभपूर्वक ठोकण्यात आला. जहाजाचे कल्याण व्हावे म्हणून पारशी कारागीर हा विधी करीत. पुढे सुमारे दीड वर्ष काम चालले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज मुंबईच्या पाण्यात उतरले. त्याची लांबी सुमारे १५० फूट आणि रुंदी सुमारे ४० फूट. त्यास सुमारे २३,००० पौंड खर्च आला.

"पण आजोबा, साग एवढा चांगला कशाने?" बाळने विचारले.

आजोबांचा आवाज एकदम मोकळा झाला. गेल्या तीन महिन्यांत ते एवढे बोलले नव्हते. "सागाच्या अंगी मुळातच तेल असते. त्यामुळे पाण्यात तो लवकर कुजत नाही आणि किडीलाही तो सहसा दाद देत नाही. ओकच्या लाकडात आम्ल असते; त्यात लोखंडी खिळा ठोकला, तर तो गंजतो आणि भोवतीचे लाकूडही सडते. सागात खिळा वर्षानुवर्षे टिकतो. शिवाय वाळलेला साग फारसा फुगत नाही की आक्रसत नाही. सांधा एकदा नीट बसला, की बसला."

ताई सर्व लक्षपूर्वक ऐकत होती. खालच्या डेकवर कप्तानाची खोली पाहून झाल्यावर ती अचानक थांबली. "आजोबा, १८१७ म्हणजे खडकीच्या लढाईचेच साल ना?"

"होय. ५ नोव्हेंबर १८१७," बाबांनी सांगितले. "जहाज पाण्यात उतरले, त्यानंतर महिनाही लोटला नव्हता. त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि पुढल्या वर्षी पेशवाई संपली."

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे इकडे आपल्या माणसांनी एवढ्या कौशल्याने जहाज बांधले आणि तिकडे त्याच इंग्रजांनी आपले राज्य घेतले. मग या जहाजाचा अभिमान कसा बाळगावा?"

कोणी लगेच बोलले नाही. बाहेर धक्क्यावर समुद्रपक्षी ओरडत होते. थोड्या वेळाने आजोबा म्हणाले, "पोरी, जहाज कोणासाठी बांधावयाचे, हे ठरविणे कारागिराच्या हाती नव्हते. ते कसे बांधावयाचे, एवढेच त्याच्या हाती होते. राग म्हणून त्याने एखादा सांधा कच्चा ठेवला असता, तर राजा बुडाला नसता. बुडाले असते ते पोटासाठी जहाजावर चढलेले गरीब खलाशी."

"तरी पण..." ताई म्हणाली.

"तरी पण आहेच," आजोबा शांतपणे म्हणाले. "ते तू विसरू नकोस. कारागिराच्या हाताचा अभिमान धर आणि त्याला दुसऱ्याचे चाकर व्हावे लागले, याची खंतही धर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी मुंबईच्या गोदीत काम केले, तेव्हा तेथील जहाजांवर आपले निशाण फडकत होते. एवढा फरक पडायला मध्ये कितीतरी वर्षे आणि कितीतरी माणसे खर्ची पडली."

ताई काही बोलली नाही. पण तिने आजोबांचा हात धरला.

मंडळी तोफांच्या डेकवर आली. अठरा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या तोफा दोन्ही बाजूंना ओळीने ठेवलेल्या होत्या. त्याखालच्या डेकवर खलाशांच्या निजण्याच्या झोळ्या टांगलेल्या होत्या. छत इतके ठेंगणे होते, की बाबांना वाकून चालावे लागले. युद्धकाळी अशा जहाजावर तीनशेच्या आसपास माणसे राहत, हे वाचून आई म्हणाली, "एवढ्याशा जागेत तीनशे माणसांचा संसार!"

गंमत अशी की, ज्या युद्धासाठी हे जहाज मागविले, ते जहाज पुरे होण्यापूर्वीच संपले होते. इंग्लंडला जाताना १८१९ च्या जानेवारीत ते सेंट हेलेना बेटावर थांबले. तेथे खुद्द नेपोलियन कैदेत होता. त्या वर्षीच्या एप्रिलअखेर जहाज पोर्ट्‌समथला पोहोचले आणि पुढे पंचवीसहून अधिक वर्षे तसेच पडून राहिले. त्यानंतर तोफांची संख्या कमी करून त्यास १८४७ ते १८५७ या काळात अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांत पाठविण्यात आले. शत्रूवर तोफ डागण्याचा प्रसंग मात्र त्याच्यावर कधी आला नाही. मग ते नाविकांच्या शिक्षणासाठी वापरले गेले. १८९७ साली ते मोडीत काढण्यासाठी विकले गेले. परंतु एका सद्‌गृहस्थाने ते विकत घेऊन वाचविले, त्याचे नाव 'फूद्रोयाँ' असे बदलले आणि त्यावर मुलांना नौकानयन शिकविण्यास आरंभ केला. हे कार्य १९८६ पर्यंत चालले. पुढे १९८७ साली ते तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणले. १९९० पासून २००१ पर्यंत कारागिरांनी त्याची दुरुस्ती केली. जुने नावही त्यास परत मिळाले. आजही त्याचे निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच आहे.

वरच्या डेकवर परत येताच आजोबांची पावले थबकली. एक पिकल्या दाढीचा इंग्रज कारागीर गुडघे टेकून बसला होता. दोन फळ्यांमधील फटीत तो डांबर लावलेला दोर घालीत होता आणि बोथट पटाशीवर लाकडी मोगरीने ठोके देत होता. ठक्, ठक्, ठक् असा आवाज येत होता. आजोबा बराच वेळ मान कलती करून तो आवाज ऐकत राहिले. मग एका ठोक्यावर त्यांनी नकारार्थी मान हलविली.

कारागिराच्या ते ध्यानात आले. त्याने वर पाहिले, पुन्हा त्याच जागी ठोका दिला, कान देऊन ऐकले आणि तो मोठ्याने हसला. त्या ठिकाणी दोर पुरेसा भरला गेला नव्हता. त्याने आजोबांकडे पाहून इंग्रजीत काही विचारले. आजोबांना ते समजले नाही. त्यांनी बाळकडे पाहिले.

"ते विचारताहेत," बाळ हळूच म्हणाला, "की तुम्हाला हे कसे समजले? तुम्ही पूर्वी कोण होता?"

आजोबा काहीच म्हणाले नाहीत. उत्तर बाळलाच द्यावयाचे होते. शाळेतील तो तास त्याला आठवला. तोच प्रश्न पुन्हा समोर उभा होता. बाळने एकदा आजोबांच्या हातांकडे पाहिले. अंगठ्याजवळ जुन्या जखमेचा पांढरा वण होता. तळव्यावरचे घट्टे अजून गेले नव्हते. मग मान वर करून तो स्पष्ट आवाजात इंग्रजीत म्हणाला, "माझे आजोबा सुतार आहेत. हे जहाज जेथे बांधले, त्या मुंबईच्या गोदीत त्यांनी चौतीस वर्षे काम केले आहे."

कारागीर चटकन उठून उभा राहिला. त्याने अंगावरील कपड्याला हात पुसले आणि दोन्ही हातांनी आजोबांचा हात धरला. मग त्याने आपली मोगरी त्यांच्यापुढे केली. आजोबांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या. सावकाश गुडघे टेकले. दोर बोटाने जरासा सारखा केला आणि ठोका दिला. एक, दोन, तीन. पहिला आवाज पोकळ होता. तिसरा भरीव आला. दोघेही एकदमच म्हणाले, "हां!" त्या एका अक्षराला भाषांतराची गरज पडली नाही.

पुढे अर्धा तास ते दोघे बोलत राहिले. बाळ मध्ये बसून एकाचे दुसऱ्याला सांगत होता. त्याला अनेक मराठी शब्द आडत होते. वाकस म्हणजे काय, पटाशी कोणती, किंकरे कोणते, हे त्याला आजोबांना विचारावे लागे. आजोबा हाताने करून दाखवीत आणि कारागीर आपल्या पेटीतून तेच हत्यार नेमके काढून देई. पेटीत जहाजाच्या दुरुस्तीत निघालेला जुन्या लाकडाचा एक तुकडा होता. त्याने तो आजोबांच्या हाती दिला. आजोबांनी तो नाकाशी नेला. दोनशे वर्षांपूर्वी मलबारच्या रानात तोडलेला तो साग होता. त्यांनी डोळे क्षणभर मिटले आणि तुकडा जपून परत केला.

निघताना बाळने बाबांना विचारले, "फलकावर वाडियांचे नाव आहे. पण ज्यांनी फळ्या तासल्या, खिळे ठोकले, त्या सुतारांची नावे कोठे आहेत?"

बाबांनी आजोबांकडे पाहिले. आजोबा जहाजाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही काय, समोर तरंगत आहेत."

परतीच्या गाडीत आजोबा खिडकीपाशी बसले होते. आता त्यांचे हात स्वस्थ नव्हते. एका कागदावर ते बाळला फळ्यांचे सांधे काढून दाखवीत होते आणि शेजारी बसलेली ताई त्यांची नावे लिहून घेत होती. समुद्रावर संध्याकाळचा प्रकाश पसरला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांनी सुट्टीची हकीकत सांगावयाची होती. बाळची पाळी आली. तो उभा राहिला. मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, "आज कप्तानांची गोष्ट सांग."

"माझे आजोबा कप्तान नव्हते," बाळ म्हणाला. "मी तुम्हाला खोटे भासविले, ती माझी चूक झाली. ते सुतार आहेत." वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग बाळने तो कागद फळ्यावर लावला आणि म्हणाला, "मुंबईला बांधलेले एक जहाज दोनशेहून अधिक वर्षे झाली, तरी आपल्या शेजारच्या गावी तरंगते आहे. ते का बुडाले नाही, हे मी तुम्हाला सांगतो."

स्वाध्याय

१. न्यूकॅसलला आल्यावर आजोबांचे मन का रमत नव्हते?
२. इंग्लंडच्या आरमाराने ट्रिंकोमाली जहाज मुंबईत का बांधून घेतले? ते काम सुरू होण्यास उशीर का झाला?
३. जहाजासाठी ओकपेक्षा सागाचे लाकूड अधिक चांगले का, ते आजोबांच्या बोलण्याच्या आधारे लिहा.
४. ताईच्या मनात कोणती शंका आली? आजोबांनी तिला दिलेले उत्तर तुम्हाला पटते काय? का?
५. "ही काय, समोर तरंगत आहेत," या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. तुमच्या गावातील एखाद्या सुताराची, लोहाराची किंवा गवंड्याची भेट घ्या. त्याच्या हत्यारांची नावे विचारून लिहा आणि प्रत्येक हत्याराचा उपयोग एका वाक्यात सांगा.